उचलून नेऊ नका, वाट करा

हुरड्याचे दिवस जवळ आले की माझ्याकडच्या पत्रांचा विषय बदलतो. एरवी दाखले, पेन्शन, खुर्चीची दुरुस्ती. थंडी सुरू झाली की सहली. यावेळी त्यातली चार पत्रं घेतली आहेत. पहिल्याला सगळ्यात जास्त जागा दिली, कारण असं पत्र एखाद्या शेतकऱ्याकडून यावं अशी माझी फार दिवसांची इच्छा होती.

प्रश्न : ताई, मोहोळ तालुक्यात आमची वस्ती आहे. हिवाळ्यात हुरडा पार्टी करतो. आगटी, बैलगाडी, माळ्यावर चढून गोफण फिरवणं, शेततळ्यावरचे पक्षी, सगळं आहे. मागच्या हंगामात सोलापूरहून एक कुटुंब आलं, त्यांची मुलगी व्हीलचेअरवर होती. आमच्या पोरांनी तिला उचलून सगळीकडे फिरवलं, काही कमी पडू दिलं नाही. जाताना तिचे वडील म्हणाले, की पोरीने दिवसभर पाण्याचा घोट घेतला नाही. ते मनाला लागलं बघा. आमचं काय कमी पडलं? बदल करायचा तर सुरुवात कुठून करू? खर्च बेताचाच झेपेल.
— एक शेतकरी, मोहोळ

उत्तर : दादा, ती पाणी का प्यायली नाही ते मी सांगते. मीही व्हीलचेअरवर आहे, आणि अनोळखी ठिकाणी जायचं असलं की सकाळपासून पाणी तोडते. तिथल्या संडासात खुर्ची जाईल याची खात्री नसते, आणि चार परक्या माणसांना ‘मला तिकडे न्या’ म्हणणं कुठल्याही मुलीला जड जातं. मणक्याला इजा झालेल्या पुष्कळ जणांना ठरावीक तासांनी नळी घालून लघवी काढावी लागते. त्याला स्वच्छ जागा, हात धुवायला पाणी आणि नीट बंद होणारं दार लागतं. ते नसलं की माणूस पाणी सोडतो. मग लघवीत जंतुसंसर्ग, ताप, अंथरूण. शिवाय इजा मणक्याच्या वरच्या भागात असेल तर तिच्या खालच्या अंगाला घाम नीट येत नाही, अंग तापत राहतं. आपल्याकडे जानेवारीतही दुपारचं ऊन लागतं. पाणी न पिता त्या उन्हात बसणं धोक्याचं आहे.

म्हणून सुरुवात संडासापासून करा. बाकी सगळं नंतर.

नवीन बांधलाच पाहिजे असं नाही, आहे त्यातला एक मोठा करा. दार पूर्ण उघडल्यावर तीन फूट मोकळी जागा हवी आणि दार बाहेर उघडणारं हवं. आत उघडणारं असलं की खुर्ची आत गेल्यावर ते लागतच नाही. आत खुर्ची वळवायला पाच फूट बाय पाच फूट जागा. कमोड हवा, जमिनीपासून साधारण दीड फूट उंच. त्याच्या एका बाजूला तीन फूट मोकळं सोडा. तिथे खुर्ची लावून आम्ही बाजूने सरकतो. दुसऱ्या बाजूच्या भिंतीला स्टीलची आधारदांडी, बसण्याच्या पातळीपासून आठ इंच वर. ती पत्र्याला स्क्रूने लावू नका. माझं सगळं वजन क्षणभर त्या दांडीवर येतं, तेव्हा विटांच्या भिंतीत सिमेंटने पक्की गाडा. नळ हाताशी, फरशी खडबडीत, कडी मुठीने सरकवता येईल इतकी मोठी. आणि त्या खोलीत फवारणीचे पंप आणि खताच्या गोण्या ठेवू नका. हे मुद्दाम लिहिते, कारण आमच्यासाठी म्हणून बांधलेला संडास अडगळीची खोली झालेला मी फार ठिकाणी पाहिलाय.

आता उचलण्याबद्दल. तुमच्या पोरांच्या मनात माया होती, यात मला शंका नाही. तरी सांगते, उचलून फिरवलं म्हणजे सोय झाली असं होत नाही. उचललेल्या माणसाला कुठे थांबायचं, किती वेळ बघायचं, कधी परतायचं हे काहीच ठरवता येत नाही. शेततळ्याच्या काठी खंड्या दिसला तरी ‘जरा थांबा’ म्हणताना तिला उचलणाऱ्यांच्या दुखत्या हातांचा विचार करावा लागतो. शिवाय त्यात धोका आहे. गेल्या हिवाळ्यात अशाच एका ठिकाणी मला खुर्चीसकट पायऱ्यांवरून वर घेत होते. एका मुलाने खुर्चीचा हात धरला होता, कोपर टेकतो तो. आमच्या बऱ्याच खुर्च्यांचे हात काढता-घालता येतात. खुर्ची कलली तसा तो हात सरळ त्याच्या मुठीत निघून आला आणि मी कुशीवर पायरीच्या कडेला आपटले. तेव्हा वेळ आलीच तर खुर्चीच्या मुख्य सांगाड्यालाच धरायचं, कुठे धरू हे बसलेल्या माणसाला विचारायचं, आणि ‘एक, दोन, तीन’ त्यालाच म्हणू द्यायचं.

ही वेळ येऊ नये म्हणून उतार करा. गणित सोपं आहे : एक फूट उंचीला बारा फूट लांबी. ओट्याच्या दोन पायऱ्या मिळून फूटभर होत असतील तर उतार बारा फुटांचा. जागा नाही म्हणून तो सहा फुटांत बसवला, तर चढताना खुर्ची मागे उलटू शकते आणि उतरताना हातून सुटते. रुंदी चार फूट, दोन्ही बाजूंना कठडा आणि चाक घसरू नये म्हणून खाली बारीक कड. वर दारापुढे पाच फूट सपाट जागा सोडा, नाहीतर दार उघडेपर्यंत आम्ही थांबायचं कुठे?

रस्त्याचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तरी रान काळं असेल तर एक सांगते. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, म्हणून तिच्यावर थेट ओतलेलं काँक्रीट तडकतं. सहा इंच माती काढा, मुरूम भरा, पाणी मारून रोलर फिरवा, वर दगडाची भुकटी टाकून पुन्हा दाबा. पाच फूट रुंदीची अशी वाट गाडी लावायच्या जागेपासून संडास, आगटी आणि शेततळ्याच्या एका काठापर्यंत नेली की पुष्कळ झालं. सगळं शेत खुर्चीला खुलं करायची गरज नाही. खडी मात्र पसरू नका, पुढची छोटी चाकं तिच्यात रुततात. ठिबकच्या नळ्या वाटेवरून आडव्या जात असतील तर खालून पाइपातून न्या. खुर्ची त्यांना अडते आणि पांढरी काठी घेऊन चालणाऱ्याच्या त्या पायात येतात. बाभळीचे काटे आणि सराटे पाहुणे यायच्या आधी झाडून घ्या. सराट्याने हवेची चाकं पंक्चर होतात, आणि खुर्ची पंक्चर झालेला माणूस होता तिथेच अडकून पडतो.

आगटीपाशी काय होतं ते या हंगामात नीट बघा. सगळे सतरंजीवर गोल बसतात आणि खुर्चीतला माणूस त्यांच्या मागे, उंचावर, एकटा. कणीस निखाऱ्यातून निघतं, तळहातावर चोळलं जातं, फुंकर मारून कोंडा उडवला जातो, हुरडा हातोहात फिरतो आणि त्याच्यापर्यंत पोचेतो निवतो. गुळभेंडी असो की सुरती, गोडी असते ती पहिल्या वाफेत. आगटीच्या एका अंगाला दगडविटांचा कट्टा घाला, गुडघे दुखणारे आजी-आजोबाही त्यावर बसतील. कट्ट्याच्या मध्ये खुर्चीपुरती तीन फूट जागा मोकळी ठेवा. शेंगाचटणी, दही, गूळ मांडायला टेबल असेल तर ते खालून अठ्ठावीस इंच मोकळं हवं, म्हणजे गुडघे आत जातात. कणीस चोळायला तिच्याही हातात द्या. फक्त एक सांभाळा : पायांना संवेदना नसेल तर चटका बसलेला कळत नाही, म्हणून खुर्ची निखाऱ्यापासून हातभर लांब असू द्या.

माळ्यावर आणि बैलगाडीत सगळ्यांना चढता येणार नाही. चालेल. पण हे आधी सांगा. फोनवर बुकिंग घेता तेव्हा ‘या की, आम्ही आहोत’ एवढ्यावर थांबू नका. संडासाच्या दारात टेप धरून फोटो काढा, वाटेचा फोटो काढा, पायऱ्या किती ते लिहा आणि विचारणाऱ्याला व्हॉट्सॲपवर पाठवा. जमणार नसेल तर तेही स्पष्ट लिहा. खरी माहिती मिळाली की यायचं की नाही ते आमचं आम्ही ठरवतो. ‘सगळी सोय आहे’ ऐकून पोचल्यावर पायऱ्या दिसणं फार वाईट असतं, घरच्यांसमोर तोंड लपवावंसं वाटतं.

काम झालं की स्वतः खुर्चीत बसून फेरी मारून बघाल, तर त्यावर विसंबू नका. अडलं की तुम्ही उठून उभे राहता. गावातल्याच एखाद्या दिव्यांग माणसाला बोलवा. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात, त्यामुळे नावं तिथे कळतील. त्याला दिवसाची मजुरी द्या, वस्तीवर फिरू द्या, आणि तो जे म्हणेल ते लिहून घ्या.

प्रश्न : माझे सासरे शाळेत शिक्षक होते. दर थंडीत मुलांना नान्नजच्या माळरानावर घेऊन जायचे. पक्षाघातानंतर उजवा हात आणि पाय कमजोर आहे, घरात काठीने थोडं चालतात. आता सारखं म्हणतात, एकदा काळवीट बघायचंय. आमचे हे म्हणतात, नको ती दगदग. नेता येईल का?
— एक सून, सोलापूर

उत्तर : ताई, जरूर न्या. नान्नज बार्शी रस्त्यावर आहे, सोलापूरपासून वीसेक किलोमीटर. इतक्या जवळच्या माळासाठी त्यांनी झुरू नये.

खाली उतरलंच पाहिजे असं काही नाही. माळावर चालत्या माणसाला बघून काळवीट लांब पळतं, पण उभ्या गाडीला तितकं बिचकत नाही. म्हणजे तुमची गाडीच त्यांचं लपण. इंजिन बंद करा, बोलणं हळू, काच खाली. गाडी कुठपर्यंत नेता येते आणि परवानगी कशी घ्यायची हे वनविभागाकडे आधी फोन करून विचारा, आणि सासऱ्यांची अडचण फोनवरच सांगा. सकाळी उजाडता किंवा उन्हं कलल्यावर जा. निरीक्षण मनोऱ्याला पायऱ्या किंवा शिडी असायचीच, त्याचा विचार सोडून द्या.

त्यांना पुढच्या सीटवर बसवा, सीट पूर्ण मागे सरकवून. आधी पाठ सीटकडे, मग बसणं, मग पाय आत. वजन चांगल्या बाजूवर येऊ द्या आणि कमजोर हाताला धरून कधीही ओढू नका, खांदा निखळतो. सीटवर प्लॅस्टिकची जाड पिशवी पसरली तर वळताना अंग सहज सरकतं. निघायच्या आधी ती काढून घ्या. दुर्बीण एका हाताने स्थिर राहत नाही. जुन्या पँटच्या पायाची पिशवी शिवा, ज्वारी भरा आणि ती खिडकीच्या कडेवर ठेवा. दुर्बीण तिच्यावर टेकली की एक हात पुरतो.

उतरलेच तर पायात बूट-मोजे हवेत. माळावरचं कुसळ मोज्यात शिरतं, आणि कमजोर पायाला ते टोचलेलं कळत नाही. घरी आल्यावर तो पाय बोटांच्या बेचक्यांपर्यंत बघा.

१९७९ मध्ये हे अभयारण्य माळढोक पक्ष्यासाठी झालं, पण आता माळढोक दिसेल अशी आशा त्यांना लावू नका. तो फार थोडा उरलाय, त्याच्या मागे लागणंही बरं नाही. काळवीट, चंडोल, हिवाळ्यात माळावरून तरंगत जाणारा भोवत्या हा शिकारी पक्षी, नशीब असलं तर खोकड किंवा लांडगा. आणि त्यांना बोलू द्या. शाळेच्या मुलांना जे सांगायचे ते नातवंडांना सांगतील. यजमानांना म्हणावं, दगदग सोसायची की नाही हे सासरे ठरवतील.

प्रश्न : मी बी.ए.ला आहे, जन्मापासून अंध. मित्र हिप्परग्याच्या तलावावर पक्षी बघायला जाणार आहेत. मी येतो म्हटलं तर एक जण म्हणाला, तू येऊन काय करणार? मलाही उत्तर सुचलं नाही.
— एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : जाऊन ऐकणार. आणि बहुतेक वेळा त्या मित्रांच्या आधी तुला कळणार, कारण पक्षी दिसायच्या आधी ऐकू येतो.

उजाडायच्या आत काठावर पोचा, रस्त्यावरची वाहनं वाढायच्या आधी. टिटवी तुला येते. तिचं ओरडणं एकदम वाढलं तर कोणीतरी जवळ आलंय, माणूस, कुत्रं किंवा घार. चक्रवाकाचा आवाज नाकातून काढल्यासारखा ‘आंग, आंग’ असा पाण्यावरून लांबवर येतो. हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंब हंस हिवाळ्यात इथे उतरतो. थवा डोक्यावरून जाताना आवाज आणि पंखांची सळसळ दोन्ही ऐक. काठच्या रानात चंडोल गात गात सरळ वर चढतो आणि गातच खाली येतो. ही चढउतार कानाने पकडता येते, मी डोळे मिटून पकडली आहे.

फोनवर कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं ‘मर्लिन’ ॲप घे. ते आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सुचवतं आणि पडद्यावरचं बोलून दाखवणारं फोनमधलं टॉकबॅक ते वाचून दाखवतं. त्याचा अंदाज कधी चुकतो, म्हणून आवाज रेकॉर्ड करून ठेव आणि घरी पुन्हा ताडून बघ. इअरफोन एकाच कानात घाल. मित्रांना दोन गोष्टी शिकव. तुझा हात धरून ओढायचं नाही. तू त्यांचं कोपर धरशील आणि अर्धं पाऊल मागे चालशील. आणि ‘ते बघ तिकडे’ म्हणायचं नाही. समोर म्हणजे बारा, उजवीकडे तीन, असं घड्याळाच्या आकड्यांत सांगायचं. काठाला गाळ असतो, तेव्हा काठीने चाचपल्याशिवाय पाण्याच्या दिशेने पाऊल टाकू नकोस.

तो मित्र वाईट नसेल. त्याच्या शेजारीच बस आणि पहिला चक्रवाक तू त्याला दाखव.

प्रश्न : माझा मुलगा १४ वर्षांचा आहे, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नाही. तलावाकाठच्या एका खासगी सहलीच्या ठिकाणी आम्ही तिकिटं काढली, पण बोटीवर ‘अशा मुलांची जबाबदारी आम्ही घेत नाही’ म्हणून त्याला चढू दिलं नाही. बाकीचे फिरून आले, आम्ही दोघं काठावर. त्याला सगळं समजतं हो. तक्रार करावी का, कुठे?
— एक आई, सोलापूर

उत्तर : करा. ‘अशा मुलांची’ हे शब्द होते तसे लिहा.

बोटवाल्याने सुरक्षेची काळजी घेणं बरोबर आहे. मूल मान सावरू शकतं का, लाइफ जॅकेट अंगाला घट्ट बसतं का, पाण्यात पडल्यास तोंड वर राहील का, शेजारी कोण बसणार, हे त्याने विचारायलाच हवं. पण ते विचारायचं या मुलाबद्दल, या बोटीबद्दल. न विचारता, मुलाकडे एकदा बघून नाही म्हणणं हा भेदभाव आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम ३ त्याला मनाई करतं. कलम २९ करमणुकीत आणि सांस्कृतिक जीवनात आमचा वाटा मान्य करतं. कलम ४६ प्रमाणे सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना जागा आणि सेवा अडथळ्याशिवाय वापरता याव्यात याचे, नियम सेवा देणाऱ्या खासगी मंडळींनाही पाळावे लागतात. आणि कलम ८९ खाली पहिल्या उल्लंघनाला १० हजार रुपयांपर्यंत, पुढच्या प्रत्येकाला ५० हजार ते ५ लाखांपर्यंत दंड आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेही सांगितलं, की सुगम्यतेचे निकष नुसती शिफारस म्हणून ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, आणि केंद्राला तसे नियम करायला तीन महिने दिले. तक्रारीत याचा उल्लेख करा.

पुन्हा कुठे बोटीत बसाल तेव्हा एक पक्कं लक्षात ठेवा. मुलाला पट्ट्याने खुर्चीला बांधून खुर्ची बोटीत ठेवायची नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. बोट उलटली तर खुर्ची त्याला खाली नेईल. त्याला बोटीच्या बाकावर, तुमच्या दोघांच्या मध्ये बसवा. जॅकेट आधी काठावर घालून, खांद्यापाशी वर ओढून बघा, हनुवटीच्या वर सरकत असेल तर ते मोठं आहे.

तक्रार आधी त्या ठिकाणच्या मालकाला लेखी द्या. तारीख, वेळ, तिकिटाचा फोटो, बोललेले शब्द, सोबत कोण होतं. मुलाच्या यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची, प्रत जोडा. काय हवंय ते स्पष्ट लिहा : माफी, मुलाला फेरी, आणि कर्मचाऱ्यांना लेखी सूचना. उत्तर आलं नाही तर तोच कागद पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात राज्य आयुक्तांच्या नावे पाठवा. मुलाला समजतं म्हणता, तर मजकूर त्याला वाचून दाखवा, त्याचं म्हणणं त्यात घाला, त्याला सही किंवा अंगठा करायचा असेल तर करू द्या. टपालाने पाठवलंत तर रजिस्टर करा, हाताने दिलंत तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय निघू नका.